शालेय मुलांची सामाजिक कौशल्ये आणि वर्तन-परिवर्तनाची तंत्रे

मधल्या सुटीत डबा घेऊन एका कोपऱ्यात बसणारे मूल आणि खेळात आपली पाळी येण्याआधीच दुसऱ्याला ढकलून पुढे जाणारे मूल, अशी दोन मुले बहुतेक प्रत्येक वर्गात आढळतात. पहिल्याकडे शिक्षकांचे लक्ष क्वचितच जाते, तर दुसऱ्याकडे ते सतत जाते. पहिल्याला ‘अबोल’ आणि दुसऱ्याला ‘आगाऊ’ म्हटले जाते आणि ते विशेषण पुढील वर्गांतही त्यांच्या मागे जाते. बोलणाऱ्यांच्या घोळक्यात सामील कसे व्हावे, मागितलेली वस्तू मिळाली नाही तर काय करावे, खेळात हरल्यावर कसे वागावे, या गोष्टी काही मुलांना घरी आणि अंगणात सहज उमगतात. काहींना त्या शिकवाव्या लागतात. अक्षरओळखीप्रमाणे याही गोष्टी टप्प्याटप्प्याने शिकवता येतात, हे मानसशास्त्राने गेल्या सहा दशकांत प्रयोगांनी दाखवून दिले आहे. या अध्यापनासाठी वापरल्या जाणाऱ्या पद्धतींना वर्तन-परिवर्तनाची तंत्रे म्हणतात. त्यांचे सामर्थ्य मोठे आहे आणि म्हणूनच त्यांच्या मर्यादाही शिक्षक व पालकांना ठाऊक असणे आवश्यक आहे.

संकल्पना आणि पार्श्वभूमी

ज्या वर्तनाचा परिणाम सुखद होतो ते वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, हा नियम अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्राण्यांवरील प्रयोगांतून मांडला. बी. एफ. स्किनर यांनी १९३८ च्या आपल्या ग्रंथात व त्यानंतरच्या लेखनात त्याला शास्त्रीय रूप दिले. वर्तन वाढवणाऱ्या परिणामाला ‘प्रबलन’ ही संज्ञा आहे. खाऊ, शाबासकी, मोकळा वेळ यांप्रमाणेच मोठ्या माणसाचे लक्ष हेही प्रबलन ठरू शकते. जे वर्तन पूर्वी लाभदायक ठरत होते त्याला मिळणारे प्रबलन थांबले की ते हळूहळू ओसरते. या प्रक्रियेला ‘विलोपन’ म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. ‘ऋण प्रबलन’ म्हणजे शिक्षा नव्हे. नकोशी परिस्थिती दूर झाल्यामुळे एखादे वर्तन वाढणे, असा त्याचा अर्थ आहे. गटकार्याची धास्ती घेणारा विद्यार्थी पोटात दुखत असल्याचे सांगतो आणि त्याला गटातून मोकळे केले जाते, तेव्हा तक्रार करण्याच्या वर्तनाला ऋण प्रबलन मिळते. शिक्षेचा हेतू याच्या उलट, म्हणजे वर्तन कमी करण्याचा असतो. शिक्षेने वर्तन काही काळ थांबते, परंतु त्याच्या जागी काय करावे हे मुलाला कळत नाही. सामाजिक कौशल्यांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. कारण येथे मुळात काहीतरी नवे शिकवायचे असते.

लक्षाचे सामर्थ्य

या क्षेत्रातील एक मूलगामी प्रयोग सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बालशाळेत झाला आणि त्याचा अहवाल १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. के. आयलीन अ‍ॅलन, बेटी हार्ट, मॉन्ट्रोज वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार वर्षांच्या एका मुलीचे निरीक्षण केले. ती हुशार होती, बाईंशी भरभरून बोलत असे, किरकोळ खरचटल्याचे दाखवून त्यांचे लक्ष वेधत असे. मात्र इतर मुलांबरोबर ती शाळेतील वेळेपैकी जेमतेम दहा टक्के वेळ घालवत होती. शिक्षिकांनी आपल्या वागण्याकडे पाहिले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ती एकटी असताना त्या तिच्याजवळ जात, तिची समजूत काढत. म्हणजे तिच्या एकटेपणालाच नकळत प्रबलन मिळत होते.

त्यानंतर क्रम बदलण्यात आला. ती दुसऱ्या मुलाजवळ असेल तेव्हाच, आणि तेही दोघांना उद्देशून, शिक्षिका बोलू लागल्या. एकटी असताना तिच्याकडे कमीत कमी लक्ष दिले गेले. मुलांबरोबरचा तिचा वेळ लवकरच साठ टक्क्यांच्या आसपास पोहोचला. बदलाचे कारण खरोखर हेच आहे का, हे तपासण्यासाठी काही दिवस जुनी पद्धत पुन्हा आणली, तेव्हा ती पुन्हा एकटी राहू लागली. नवी पद्धत परत आणताच ती मुलांत परतली. शेवटच्या टप्प्यात शिक्षिकांनी आपले लक्ष क्रमाने कमी केले, तरीही तिचे खेळणे बरेचसे टिकून राहिले. तोपर्यंत खेळाचा आनंद हेच तिचे प्रबलन झाले होते. या तंत्रांचे यश मोजायचे ते याच कसोटीवर. बाहेरून दिलेला आधार काढून घेतल्यानंतर मूल मैत्रीच्या बळावर पुढे जाते का?

पाहून शिकणे आणि सरावाने शिकणे

प्रत्येक कौशल्य बक्षिसाच्या आधारे घडवावे लागत नाही. अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्ड येथे केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात, फुगवलेल्या बाहुलीला मारणारी मोठी व्यक्ती पाहिल्यानंतर मुलांनी तिचे अनुकरण केल्याचे आढळले. आक्रमकता अशी पाहून शिकली जात असेल, तर सहकार्यही शिकले जाईल, हा विचार त्यातून पुढे आला. १९६९ मध्ये रॉबर्ट ओकॉनर यांनी अलिप्त राहणाऱ्या बालशाळेतील मुलांना सुमारे २३ मिनिटांचा एक चित्रपट दाखवला. त्यात एखादे मूल आधी दुरून खेळ पाहते, मग जवळ जाते, सामील होते आणि इतर मुले त्याचे स्वागत करतात, असे प्रसंग होते. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला डॉल्फिनांचा चित्रपट दाखवण्यात आला. पहिल्या गटातील मुलांचे इतरांशी मिसळणे लगेच वाढले. दुसऱ्या गटात तसा बदल दिसला नाही.

शालेय वयाच्या मुलांसाठी शेरी ओडन आणि स्टीव्हन आशर यांचा १९७७ मधील अभ्यास अधिक मार्गदर्शक आहे. तिसरी-चौथीच्या वर्गांतील, इतरांकडून फारशी पसंती न मिळणाऱ्या मुलांना त्यांनी चार गोष्टी स्पष्ट शब्दांत शिकवल्या : खेळात सहभागी होणे, वस्तू व पाळी वाटून घेणे, बोलणे व ऐकणे, आणि दुसऱ्याला उत्तेजन देणे. शिकवणीनंतर मूल एका सोबत्याबरोबर प्रत्यक्ष खेळे आणि नंतर काय जमले, काय नाही याची मार्गदर्शकाबरोबर उजळणी होत असे. वर्गमित्रांनी या मुलांना दिलेली पसंती वाढली आणि वर्षभरानंतरच्या पाहणीतही प्रगती दिसून आली. सूचना, सराव आणि उजळणी हा त्रिवेणी क्रम आजही बहुतेक सामाजिक कौशल्य कार्यक्रमांचा कणा आहे.

संपूर्ण वर्गासाठी एक खेळ

एकेका मुलावर काम करणे मोठ्या वर्गात कठीण असते. कॅन्सस राज्यातील बाल्डविन सिटी येथे १९६९ मध्ये चौथीच्या एका वर्गात हॅरिएट बॅरिश, म्युरिएल सॉन्डर्स आणि मॉन्ट्रोज वुल्फ यांनी ‘सद्वर्तनाचा खेळ’ वापरून पाहिला. वर्गाचे दोन संघ केले. विनाकारण जागा सोडल्यास किंवा मध्येच बोलल्यास त्या मुलाच्या संघाच्या नावे फळ्यावर एक खूण केली जाई. कमी खुणा असलेला संघ विजयी ठरे. मात्र दोन्ही संघांच्या खुणा ठरावीक मर्यादेत राहिल्या तर दोघेही जिंकत. जेवणाच्या रांगेत आधी उभे राहणे, दिवसाच्या शेवटी थोडा मोकळा वेळ मिळणे, अशी साधी बक्षिसे होती. वर्गातील गोंधळ लक्षणीय प्रमाणात घटला.

पुढे शेपर्ड केलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५-८६ या शालेय वर्षात बाल्टिमोर शहरातील पहिलीच्या वर्गांत हा खेळ नेला आणि ती मुले १९ ते २१ वर्षांची होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. पहिलीत अधिक आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये अमली पदार्थांच्या आहारी जाण्याचे व समाजविघातक वर्तनाचे प्रमाण, खेळ न खेळलेल्या तशाच मुलग्यांच्या तुलनेत कमी आढळले. पुढील वर्षाच्या तुकडीत शिक्षकांना मिळणारे मार्गदर्शन व पाठबळ कमी झाले, तेव्हा परिणामही सर्वसाधारणपणे सौम्य झाले. तंत्र कागदावर तेच होते. फरक पडला तो शिक्षकाला मिळणाऱ्या साथीचा. नवी योजना राबवणाऱ्या कोणत्याही शिक्षण विभागाने हा निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आपल्याकडे वर्गाचा मॉनिटर फळ्यावर ‘बोलणाऱ्यांची नावे’ लिहितो, त्या प्रथेशी या खेळाचे वरवर साम्य दिसते. प्रत्यक्षात दोहोंत मोठे अंतर आहे. फळ्यावरील नाव एका मुलाला सर्वांसमोर दोषी ठरवते. खेळात खूण संघाच्या नावे होते, नियम आधी सांगितलेले असतात आणि सर्वांना जिंकण्याची संधी असते. तथापि येथेही सावधगिरी हवी. एकाच मुलामुळे संघ सतत हरत असेल तर सोबत्यांचा रोष त्याच्यावर ओढवतो. अशा वेळी संघरचना किंवा नियम बदलावे लागतात.

प्रशंसा कशी असावी

केवळ नियम लिहून लावल्याने वर्तन बदलते का, याचा तपास चार्ल्स मॅडसन, वेस्ली बेकर आणि डॉन थॉमस यांनी १९६८ मध्ये प्राथमिक वर्गांत केला. नियम सांगण्याचा एकट्याने फारसा परिणाम झाला नाही. केवळ दुर्लक्ष करण्यानेही इष्ट फळ मिळाले नाही. चांगल्या वर्तनाची प्रशंसा आणि किरकोळ खोड्यांकडे दुर्लक्ष, या जोडीने मात्र फरक पडला.

प्रशंसा नेमकी असेल तर ती शिकवते. ‘शाब्बास’ या शब्दाने मूल आनंदते. ‘तू थांबून मैत्रिणीला आधी चेंडू दिलास, त्यामुळे खेळ भांडणाविना चालू राहिला’ या वाक्याने त्याला आपण काय केले आणि त्याचा काय उपयोग झाला, हे दोन्ही कळते. लाजाळू मुलाची सर्वांसमोर केलेली स्तुती त्याला संकोचात टाकू शकते. त्याच्याशी हळू आवाजात बोलणे श्रेयस्कर. दुर्लक्षाचेही भान हवे. लक्ष वेधण्यासाठी होणारे वर्तन दुर्लक्षित केल्यास सुरुवातीस ते काही काळ वाढते आणि याच टप्प्यावर अनेक पालक धीर सोडतात. मारणे, छळणे, स्वतःला इजा करणे या गोष्टींकडे मात्र दुर्लक्ष करता येत नाही. तेथे तात्काळ हस्तक्षेप करावाच लागतो.

बक्षिसाची मर्यादा

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालशाळेत चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधीच सांगितले. एक-दोन आठवड्यांनंतर मोकळ्या वेळेत ही मुले, आमिष न दाखवलेल्या मुलांच्या तुलनेत, जवळपास निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. ज्या कामात मुलाला स्वतःच रस आहे त्यावर बक्षिसाचे आमिष लावल्यास तो रस उणावू शकतो. म्हणून आधीच प्रेमळपणे वागणाऱ्या मुलाला प्रत्येक मदतीसाठी तारा किंवा टोकन देण्याचे कारण नाही. ज्या कौशल्याची सुरुवातच होत नाही, तेथे ती होईपर्यंत असा आधार उपयुक्त ठरतो.

भारतीय बालशिक्षणात हा विचार त्याच्या कितीतरी आधी मांडला गेला होता. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी भय आणि प्रलोभन या दोहोंविना शिक्षणाचा आग्रह धरला. त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी हा वारसा पुढे महाराष्ट्रात, बोर्डी आणि कोसबाड येथील कार्यात, आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत नेला. या परंपरेचा इशारा वर्तन-परिवर्तनाच्या अभ्यासकांनाही मान्य व्हावा असाच आहे. बक्षीस हे शिडीसारखे असावे. वर पोहोचल्यावर ती बाजूला ठेवता आली पाहिजे.

वर्ग शांत झाला, पण कोणासाठी?

या तंत्रांवरील सर्वांत गंभीर आक्षेप त्याच क्षेत्रातून आला. रिचर्ड विनेट आणि रॉबिन विंकलर यांनी १९७२ मध्ये वर्तनशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकातील अभ्यासांचा आढावा घेतला आणि विचारले की, या पद्धती मुलांना केवळ गप्प, स्थिर आणि आज्ञाधारक बनवण्यासाठीच वापरल्या जात नाहीत ना? मुलाने जागेवर बसणे शिक्षकाच्या सोयीचे असते. त्याने मित्राला प्रश्न विचारणे, मतभेद नीट मांडणे, मदत मागणे हे मुलाच्या हिताचे असते. प्रत्येक कार्यक्रमाच्या आरंभी हा भेद स्पष्ट केला पाहिजे. स्वमग्न मुलांच्या बाबतीत तो अधिकच महत्त्वाचा ठरतो. डोळ्याला डोळा भिडवून बोलण्याची सक्ती, हातांच्या निरुपद्रवी हालचाली थांबवण्याचा अट्टहास यांवर अनेक स्वमग्न प्रौढांनी तीव्र आक्षेप नोंदवले आहेत. इतरांसारखे दिसणे हे सामाजिक कौशल्याचे उद्दिष्ट असू शकत नाही.

त्याचप्रमाणे एकटेपणाचे मूळ नेहमी मुलात असते, असे मानणे अन्यायाचे ठरते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेतील अनुभव नोंदवला आहे. अस्पृश्य म्हणून त्यांना वर्गात वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे. अशा मुलाला ‘मिसळायला’ शिकवणे हा उपाय नव्हे; बदल वर्गात आणि शाळेत घडवायचा असतो. जात, धर्म, वर्ण, अपंगत्व किंवा गरिबी यांवरून मूल बाजूला पडत असेल, तर हस्तक्षेपाचा विषय इतरांचे वर्तन हाच असला पाहिजे. बदलीमुळे दुसऱ्या राज्यात गेलेल्या कुटुंबातील मूल घरी मराठी आणि शाळेत हिंदी, कन्नड, तेलुगू किंवा गुजराती ऐकत असते. त्याचे मौन हे कौशल्याच्या अभावाचे नसून भाषा आत्मसात होण्याच्या काळाचे असू शकते. ऐकू कमी येणे, दृष्टिदोष, घरातील दुःख किंवा दादागिरीचा त्रास, याही शक्यता आधी तपासल्या पाहिजेत.

भारतातील कायदेशीर चौकट

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार बालकाला शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. उल्लंघन करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम २९ मध्ये बालकाला भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवण्याचा निर्देश आहे. छडी, अंगठे धरून उभे करणे, अपमानकारक नावाने हाक मारणे यांना वर्तन-परिवर्तनाचे नाव देऊन वैध ठरवता येत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सामाजिक व भावनिक क्षमतांना शिक्षणाच्या उद्दिष्टांत स्थान मिळाले असून शाळांशी समुपदेशक व सामाजिक कार्यकर्ते जोडण्याचाही उल्लेख आहे. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ मध्ये सुरू झालेला ‘हॅपिनेस’ अभ्यासक्रम हा याच दिशेचा एक प्रयत्न होय.

अशा शिक्षणाने अभ्यासाचा वेळ वाया जातो, ही भीती निराधार असल्याचे जोसेफ डर्लाक व सहकाऱ्यांच्या २०११ च्या आढाव्यातून दिसते. त्यांनी सामाजिक व भावनिक शिक्षणाच्या २१३ शालेय कार्यक्रमांचा आणि २,७०,०३४ विद्यार्थ्यांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास केला. सहभागी विद्यार्थ्यांच्या सामाजिक कौशल्यांबरोबरच शैक्षणिक प्रगतीतही ११ शततमकांइतकी वाढ आढळली. हे सर्व कार्यक्रम केवळ वर्तन-परिवर्तनावर आधारलेले नव्हते. तथापि पायरीपायरीने शिकवणे, कृतीतून सराव आणि नेमके उद्दिष्ट ही परिणामकारक कार्यक्रमांची वैशिष्ट्ये दोन्हीकडे समान आहेत.

वर्गात आणि घरी : कार्यक्रमाचे टप्पे

१. एकच वर्तन निवडावे आणि ते दिसेल, मोजता येईल अशा शब्दांत मांडावे. ‘आगाऊ आहे’ हे मत झाले. ‘दहा मिनिटांच्या खेळात तीन वेळा रांग मोडतो’ हे निरीक्षण झाले.

२. काहीही न बदलता आठवडाभर नोंद ठेवावी. वर्तनाआधी काय घडले आणि नंतर काय मिळाले, या दोन रकान्यांत बहुधा त्याचे कारण सापडते.

३. नकोशा वर्तनाच्या जागी हवे असलेले वर्तन ठरवावे. ‘हिसकावू नको’ याऐवजी ‘तुझे झाल्यावर मला देशील का, असे विचार’ हे वाक्य शिकवावे.

४. ते करून दाखवावे, मुलाकडून करवून घ्यावे आणि कौशल्याचे लहान भाग करावेत. अबोल मुलासाठी पहिली पायरी खेळाजवळ उभे राहणे, दुसरी चेंडू आणून देणे आणि तिसरी एका सोबत्याबरोबर खेळणे, अशी असू शकते. खो-खो, लंगडी यांसारखे पाळीपाळीने खेळायचे खेळ या सरावासाठी उत्तम होत.

५. सुरुवातीस प्रत्येक प्रयत्नाची दखल घ्यावी, नंतर अधूनमधून. कबूल केलेले बक्षीस मिळालेच पाहिजे आणि एकदा मिळवलेले टोकन रागाच्या भरात काढून घेऊ नये.

६. ट्रेव्हर स्टोक्स आणि डोनाल्ड बेअर यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की, एका ठिकाणी शिकलेले कौशल्य दुसरीकडे आपोआप जाईल ही केवळ आशा असते. म्हणून मैदान, शाळेची बस आणि घर येथेही सराव योजावा. त्यासाठी शिक्षक व पालकांनी समान शब्द वापरावेत.

७. काही आठवड्यांनी पुन्हा मोजावे. बदल नसेल तर दोष मुलाला न देता योजना बदलावी.

योजनेची माहिती मुलाला त्याच्या वयाला साजेशा भाषेत द्यावी आणि उद्दिष्ट ठरवताना त्याचे मत घ्यावे. आपल्याला कोणाशी मैत्री करायची आहे, हे मुलाला मोठ्यांपेक्षा अधिक चांगले ठाऊक असते.

तज्ज्ञांची मदत केव्हा घ्यावी

मूल अचानक अलिप्त झाले, शाळेत जाण्यास सतत नकार देऊ लागले, झोप किंवा आहार बिघडला, स्वतःला वा इतरांना इजा करू लागले किंवा बोलण्याच्या विकासात मागे असल्याची शंका आली, तर केवळ वर्गातील उपायांवर विसंबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची विकासातील विलंबासह आरोग्य तपासणी केली जाते. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मदतवाहिनी, तर संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक देशभर उपलब्ध आहे.

वर्तन-परिवर्तनाची तंत्रे ही साधने आहेत; ती कशासाठी वापरायची हे मोठ्यांनी ठरवायचे असते. त्यांची सुरुवातही मोठ्यांच्याच वर्तनापासून होते, कारण कोणत्या क्षणी मुलाकडे पाहायचे आणि कोणत्या शब्दांत बोलायचे, हे शिक्षकाच्या व पालकाच्या हाती असते. कार्यक्रम संपल्यानंतर, कोणी पाहत नसताना आणि कोणतेही टोकन मिळणार नसताना, मधल्या सुटीत ते मूल सोबत्यांबरोबर डबा उघडू लागले, तर कार्यक्रम सफल झाला असे म्हणता येईल.